चिमटीबाईच्या गोचिडी

गल्लीतले सगळे तिला चिमटीबाई म्हणत. घरोघर दूध घालून आली की ती मेमसाहेबपाशी उकिडवी बसे आणि कानामागच्या, कासेवरच्या गोचिडी दोन बोटांनी अलगद उपटून डब्यात टाके. मेमसाहेब म्हणजे तिची संकरित गाय. दुधाला भरघोस, कातडीला नाजूक. शेजारची काळी ही गावठी गाय मात्र कातडी थरथरवायची, जिभेनं अंग खरवडायची. तिच्यावर गोचीड टिकतच नसे.

"काळी बघ, कुठल्याही सासरी नांदेल," सासूबाई म्हणायच्या. "तुझ्या मेमसाहेबला माशी बसली तरी माहेर आठवतं."

"दूध कुणाचं पिता, आई?"

"पिते तिचं, गुण गाते काळीचे. तोंड माझं आहे."

उपटलेली गोचीड चिमटीबाई कधी चिरडत नसे. टरारून फुगलेल्या त्या दाण्यात मेमसाहेबचंच रक्त, ते पायाखाली कसं फोडायचं? डबा ती गोठ्याच्या भिंतीमागं झटकून येई. चार वर्षं हेच.

या आठवड्यात मेमसाहेबनं चारा सोडला. लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा कुठं डॉक्टर आले. त्यांनी डोळ्याची पापणी उलटली. आत पांढरंफटक.

"गोचीडताप. अंगावर गोचिडी किती होत्या?"

"एक राहू देत नाही हो मी. रोज काढते."

"काढून टाकता कुठं?"

तिनं भिंतीमागं बोट दाखवलं. डॉक्टरांनी काडीनं फट उकरली. मोहरीहून बारीक पिल्लं भुळुभुळु बाहेर आली.

"फुगलेली एकेक मादी हजारो अंडी घालते, बाई. तुम्ही रोज पेरत होतात."



"मग आता मी काय करू?"

"इंजेक्शन दिलंय. सावलीत ठेवा, पाणी पाजा. रक्त फार कमी झालंय. तगली तर तगली."

डॉक्टर गेले. तिनं बादली पुढं केली. मेमसाहेबनं नुसतं नाक बुडवलं. मान कुरवाळताना बोटांना कानामागं काहीतरी लागलं. सवयीनं चिमूट बसली. तळहातावर टपोरी गोचीड आली.

"फोड की आता तरी," सासूबाई हळूच म्हणाल्या.

तिनं ती जमिनीवर ठेवली, टाच उचलली. गाईच्या अंगात रक्त उरलंय ते केवढं, आणि त्यातलं एवढं इथं पडलंय.

"आई, हे परत आत नाही ना घालता येत?"

टाच तशीच अधांतरी राहिली. गोचीड सावकाश भिंतीकडं चालू लागली.