जमादारांची गाय

देवासच्या तुरुंगात पोरांची बराक निराळी होती. तिच्यावरचे जमादार आमच्या शेजारी राहत. माणूस अबोल. बायकोशीसुद्धा ते हुकूम सोडल्यासारखे बोलत, "पाणी. पगडी. दार." गायीशी मात्र रोज सकाळी धार काढताना भरपूर बोलत. गाय माळव्यातली, पण बोलणे सगळे मराठीत.

माझा धाकटा भाऊ देवळातली समई उचलल्यावरून त्याच बराकीत होता. सासरी त्याचे नाव काढायची सोय नव्हती आणि कैद्याची खबर बाहेर सांगायची जमादारांना मनाई. मी कुंपणाच्या अलीकडे भांडी घाशीत बसे.

"काल आमचा समईवाला पोटभर जेवला, कपिले," ते गायीला सांगत. "सूत कातताना आता रडत नाही."

एके दिवशी म्हणाले, "त्याला ताप भरलाय. काढा द्यावा तर दात घट्ट आवळतो. अशानं पोर उठायचं कसं, बाई?"

परक्या पुरुषासमोर मी कधी तोंड उघडले नव्हते. पदर ओढून घेतला आणि गायीलाच म्हणाले, "आधी जिभेवर गूळ ठेवावा म्हणावं. मग घेतो तो."

त्यांनी वर पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी धार अर्धी झाली तरी ते बोलेनात. माझा हात तांब्यावर तसाच राहिला. मग म्हणाले, "घेतला हो. घाम आला, ताप उतरला."

आणि लगेच गायीवर ओरडले, "हलू नकोस!"

गाय जागची हललीही नव्हती.