दिवेलागणीची मोटार

अमरावतीच्या कमलाकांत वकिलांना देवानं बुद्धी भरपूर दिली होती, पण ती सारी कोर्टातच खर्ची पडायची. घरी येईस्तोवर शिल्लक काही उरत नसे. निदान त्यांच्या पत्नी पार्वताबाईंचं मत असं होतं, आणि घर त्याच चालवत असल्यामुळे ते मानायला हवं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि गावातल्या बड्या मोटारी पोत्यांखाली झाकून उभ्या होत्या. अशात वकिलांनी कलकत्त्याहून कुण्या साहेबाची जुनी मोटार आणवली. तिला पेट्रोल लागत नसे. तिच्या पोटात बॅटऱ्या होत्या, त्या घरच्या विजेवर भरायच्या. वकिलांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. इथवर ठीक होतं. पण पुढं त्यांनी नेम धरला, की गाडीला वीज लावायची ती दिवेलागणीलाच.

"लक्ष्मी घरात येते ती वेळ," ते म्हणाले. "तेव्हा वाहन उपाशी असू नये."

हेच गृहस्थ देवघरात मात्र "समईत दोन वाती कशाला, एक पुरे" म्हणून तेल वाचवायचे!

लक्ष्मी यायची की नाही ते तिचं तिला ठाऊक. उजेड मात्र नेमानं जायचा. साऱ्या गल्लीला एकच बारीक तार. घरोघरी दिवे लावायची तीच वेळ, आणि त्याच वेळी ही गाडी तोंड घालायची. मग बल्ब कसले, विझत्या उदबत्त्याच! समोरच्या गंगूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "वकीलसाहेब, तुमची म्हैस सोडा वो! ताटात वरण हाय का भाजी, समजून नाही राहिलं!"

"वीज कंपनीचं इंजिन म्हातारं झालं, त्याला मी काय करू?" वकील ऐटीत उत्तर द्यायचे.

"इंजिन कशाला म्हातारं व्हायला हवं?" पार्वताबाई म्हणाल्या. "विहिरीवर सकाळी साऱ्या बायांनी दोर सोडलेले असताना कोणी मोट जुंपली, तर घागर कोणाची भरणार? दुपारी भरा न ती गाडी. तेव्हा कोणाचा दिवा लागत नाही."

"वकील मी आहे की तू?"

त्यात गावातले एक डॉक्टर आणि कापसाच्या जिनवाले शेठ गाडी पाहून गेले, दोघांनीही अशीच मागवायचं ठरवलं. वकिलांची छाती फुगली. पार्वताबाईंनी कपाळाला हात लावला. एका गाडीनं गल्ली आंधळी झाली, तीन झाल्या की सारं गाव कंदिलावर येणार, आणि कंदिलाला रॉकेल तरी कुठं मिळत होतं?

चारुशीला ही त्यांची एकुलती लेक. तिची पत्रिका कुठे जुळत नव्हती. जुळली ती अकोल्याच्या एका मास्तरांच्या घरी. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून पार्वताबाईंनी अंबादेवीला खणानारळाची ओटी बोलली होती.

मुलाची आई लीलाबाई आणि मामा पाहायला आले. वकिलांनी त्यांना बडनेरा स्टेशनावरून गाडीतून आणलं, वाटेत गाडीचं पुराण सांगून मामांना झोप आणली. घरी पोचताच दिवेलागण झाली आणि सवयीप्रमाणे त्यांनी पडवीतली गाडीच्या विजेची कळ वर केली. पाहुण्यांना रात्री परत न्यायचं होतं ना, थाटात!

आत चहापोहे झाले. लीलाबाईंनी कनवटीची सुईदोऱ्याची डबी काढली.

"आमच्या घरी मुलीले पोथी वाचाले नाही लावत," त्या म्हणाल्या. "सुई ओवाले लावतो. सासूच्या डोयाले दिसत नाही, सुनेच्या तरी दिसलं पायजे."

चारूनं सुई धरली, दोरा ओला केला. तोच गल्लीत घरोघरी दिवे लागले आणि बल्ब लाल पडला. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा गेला.

"नजर अधू हाय का वो पोरीची?" लीलाबाईंनी सरळ विचारलं. "असंल तर आताच सांगा."

पार्वताबाईंनी खूण करून वकिलांना स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. "गाडी बंद करा."

"वेडी की काय? पाहुण्यांना स्टेशनवर कसं न्यायचं? माझा मान जाईल."

"मग राहू द्या लेकीला घरातच, तुमच्या मानापाशी!"

विजेच्या कळीला पार्वताबाईंनी जन्मात हात लावला नव्हता. त्यांनी ओट्यावरचं लाटणं उचललं, देवीचं नाव घेतलं, पडवीत गेल्या आणि लाटण्यानंच कळ खाली दाबली.

घर उजळलं. अख्खी गल्ली उजळली. समोरून गंगूबाईंचा आवाज आला, "आली वो माय, आली लक्ष्मी!"

चारूनं सुई एका दमात ओवली.

लीलाबाईंची नजर सुईवरून पार्वताबाईंच्या हातातल्या लाटण्यावर गेली, तिथून वकिलांवर. "असं हाय तर," त्या म्हणाल्या. "पोरीच्या डोयात काही नाही. जे हाय ते तुमच्या पडवीत हाय. कुंकू आणा वो, विहीणबाई."

वकील लगेच गाडी काढायला धावले. गाडी दारातून निघाली आणि गल्लीच्या कोपऱ्यावर निपचित पडली. पाहुणे नत्थुजींच्या टांग्यातून स्टेशनवर गेले.

"माह्या घोडीले कुटारच पुरते, साहेब," नत्थुजी जाता जाता म्हणाले. "अन् ते कोनाच्या घरचा दिवा नाही खात."

टांगा हलताना लीलाबाईंनी मान बाहेर काढली. "लग्नाच्या दिवशी हे मोटार बांधून ठेवा हो, वकीलसाहेब. माह्या पोराले बायकोचं तोंड दिसलं पायजे."

दुसऱ्या दिवसापासून गाडी दुपारी भरू लागली. कोर्टातल्या बाररूममध्ये वकिलांनी सांगितलं, की दुपारचा मुहूर्त त्यांनीच शोधून काढला. पार्वताबाईंनी ऐकलं, आणि लाटणं धुवून पडवीतल्या कळीशेजारी खिळ्याला टांगून ठेवलं. लग्न पार पडेस्तोवर पोळ्या त्यांनी गंगूबाईंचं लाटणं मागून लाटल्या.