ब्लीचिंगचा डबा

आमच्या हिच्याइतकी धुवाधुवी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कुलपाची किल्लीसुद्धा साबणाने धुते. मी बाहेरून आलो की आधी हात, मग चौकशी. लहानपणी तिचा धाकटा भाऊ खराब पाण्यामुळे गेला, तेव्हापासून जंतू म्हणजे तिचे वैरी. या एका गोष्टीची चेष्टा करायची नाही, हे मी लग्नानंतर महिन्याभरातच शिकलो. बाकी सगळ्याची करतो.

तीस वर्षं ती एका रोपवाटिकेत पेरणीची खोली सांभाळते. ट्रे, माती, पाण्याचं पिंप, सगळं तिच्या ताब्यात. रोज सकाळी पिंपात ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. यंदा मात्र मिरचीला मर लागली. रोप दोन पानांवर आलं की मातीलगतचा देठ काळा पडायचा आणि रोप आडवं व्हायचं. दोनदा पेरलं, दोनदा गेलं. तिसरी पेरणी गेली तर खोली दुसऱ्या कोणाला तरी देईन, असं मालकाने सरळ सांगितलं. त्या संध्याकाळी तिने घासलेली भांडी परत घासली.

मग प्रयोगशाळेतली एक मुलगी बियांना चोळायची पावडर घेऊन आली. त्यात जिवाणू आहेत, ते मुळांभोवती ठाण मांडतात आणि मर आणणाऱ्या बुरशीला फिरकू देत नाहीत, असं तिचं म्हणणं. हिचा पार गोंधळ उडाला. जंतू आणि तेही मुद्दाम लावायचे? मी काय सांगणार, मी जन्मभर पंखे दुरुस्त केले. मालकाचा हुकूम म्हणून तिने बिया चोळल्या, तीनदा हात धुतले आणि ट्रेंना नेहमीच्या पिंपातलं पाणी घातलं. खाली सांडलेल्या मूठभर चोळलेल्या बिया फेकवेनात, म्हणून घरी आणल्या. मी त्या मागच्या दारी फुटक्या घमेल्यात टाकल्या. पाणी विहिरीचं, तेही आठवलं तर.

पंधरा दिवसांनी ट्रेमधली रोपं पुन्हा आडवी झाली. घमेल्यातली ताठ उभी. ही त्यांच्यासमोर बराच वेळ उकिडवी बसून राहिली. यात काय घातलंत, असं तिने मला दोनदा विचारलं. काहीच नाही, म्हणालो, आणि उगाचच अपराधी वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती घमेलं उचलून कामावर घेऊन गेली. प्रयोगशाळेतल्या मुलीने ते पाहिलं, पिंपाचा वास घेतला आणि म्हणाली, "मावशी, ब्लीचिंगला आपला कोण, परका कोण, ते कळत नाही." घमेलं पाहून मालकाने आणखी एक पेरणी दिली. शेवटची.

त्या दिवशी ती घरी आली आणि हात न धुताच बसली. मला भीतीच वाटली.

"इतकी वर्षं मी राखण करत होते, की राखणदारांनाच मारत होते?"

एक विनोद ओठांवर आला होता, तो गिळला. जरा वेळाने तिने विचारलं, पण पिण्याचं पाणी तरी स्वच्छच हवं ना? हवंच, म्हणालो. मग कुठे हवं आणि कुठे नको, हे तिने विचारलं, तेव्हा मलाही सांगता येईना. ती रडली. मी जवळ बसून राहिलो.

आज चौथी पेरणी. निघताना तिने पिशवीतून ब्लीचिंगचा डबा काढून माझ्या हातात दिला.

"हा लपवून ठेवा. कुठे ते मला सांगू नका, हात सवयीने जाईल."