तोंड झाकलेला फोटो

"मावशी, चा निम्मा, साखर डब्बल," म्हणत तो यायचा. तळाची साखर बोटानं चाटायचा आणि तेच बोट शर्टाला पुसायचा. मला किळस यायची. त्याचा कप मी वेगळाच ठेवला होता. त्याला ते कळायचं. "माझा इस्पेशल कप द्या की," म्हणायचा आणि हसायचा. दात सगळे किडलेले.

कुपवाडच्या एमआयडीसीत नशेच्या सुया टोचून घेणाऱ्यांवर अभ्यास करणारं एक ऑफिस होतं. तिथं मी झाडलोट आणि चहा करायची. हा आधी फाउंड्रीत कामाला होता, सुईपायी काम गेलं. नशा करणाऱ्यांना सोबत घेऊनच त्यांचा अभ्यास करायचा, असं ऑफिसात ठरलेलं. म्हणून याला मीटिंगला खुर्ची. पण हा बोलायला लागला की ऑफिसच्या मॅडम मोबाइल बघायच्या.

एकदा त्यांना नशेविरुद्धच्या पोस्टरसाठी त्याचा फोटो हवा होता.

"नगं, मॅडम. लेकीची सोयरीक चाललीया आष्ट्याला. मान्सं लय चांगली हायत."

"तोंड झाकू, दादा."

तोंड झाकलं. पोस्टर नाक्यावर लागलं. तोंडावर काळी पट्टी, खाली सुयांनी चाळण झालेला हात आणि त्या हातावर भलं मोठं गोंदलेलं लेकीचं नाव, सारिका. कारखान्यातली माणसं गाड्या थांबवून बघायला लागली. थोड्याच दिवसांत आष्ट्याचा नकार आला.

तो तडक मॅडमपुढं उभा राहिला. "माझं तोंड झाकलं, आन् पोरीचं नाव उघडं टाकलं व्हय?"

"तुमचं नाव कुठंच छापलेलं नाही. बघा ना, दादा."

"मॅडम, अख्खं कुपवाड त्याला सारिकाचा बाप म्हणतं," मी म्हणाले.

"मावशी, तुम्ही चहाचं बघा."

पुढच्या मीटिंगला तो हाताला फडकं गुंडाळून आला. मोरीपाशी त्यानं ते सोडलं. तापल्या सळईनं नाव जाळून टाकलं होतं. पू वाहत होता.

"मुडद्या, काय केलंस हे?"

"आता न्हाई दिसत, मावशी."

दवाखान्यात चल म्हणून मी पदर खोचला, तेवढ्यात मॅडम आल्या. बघितलं आणि मोबाइल काढला.

"हात जरा उजेडात धरा, दादा. घाबरू नका, तोंड घेत नाही."

त्यानं धरला. मान मात्र भिंतीकडं वळवली.

त्यानंतर तो आलाच नाही. नाक्यावर आता त्याच हाताचं नवं पोस्टर आहे. खाली ठळक छापलंय : सुईमुळे चिघळलेली जखम.