रिकाम्या प्लॉटांमधल्या बाई

बाई एकट्या चालत असल्या तरी मोठमोठ्याने बोलत चालायच्या. भाजीचे भाव, लेकीचं सासर, काहीही. गडचिरोलीबाहेरच्या आमच्या लेआऊटमध्ये प्लॉट चाळीस आणि घरं दोनच: एक त्यांचं, शेजारचं मी आणि बायकोने भाड्याने घेतलेलं. बाकीच्या प्लॉटांचे मालक नागपूरकडचे. सिमेंटचे खुंट रोवून ते गेले, ते गेलेच. खुंट बुडून पुरुषभर झुडपं वाढली होती आणि मागे लागूनच जंगल होतं.

"आवाज देत चालत जा, मास्तर," बाई सांगायच्या. "आपलं येणं समजलं की तो बाजूले होते."

वाघाचं नाव त्या कधी घेत नसत. आयुष्यभर अंगणवाडी चालवलेल्या या बाईंना भीती ठाऊक नसावी, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी शाळेतून येताना झुडपातून उग्र वास आला. काहीतरी जड सरकलं. सायकल हातात धरून मी तिथेच थिजलो. बाईंनी दारातून पाहिलं आणि ताट बडवत थेट माझ्यापर्यंत आल्या.

"मागं पाहू नका. सायकल राहू द्या."

माझं मनगट धरून त्यांनी मला जवळजवळ ओढतच नेलं. घरात शिरल्यावर त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"मले लय भेव लागते, मास्तर. रोजच लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विळा घेऊन रस्त्याकडेचा एक प्लॉट साफ केला. मालकाला कळलं. तो आला, "जागा बळकावता काय?" म्हणाला आणि तारेचं कुंपण घालून गेला. कुंपणाआड झुडपं पुन्हा वाढली.

मग बाईंचं घर विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं, कडेवर मूल. त्यांना अंगण आवडलं. बाईंनी त्यांना मागच्या चिखलातले ठसे नेऊन दाखवले. ते परत आले नाहीत. मी चिडलो, तर म्हणाल्या, "त्या लेकराले इथी कसं खेळू देऊ?"

बायकोला दिवस गेले तेव्हा मी गावात खोली घेतली. सामानाचा टेम्पो निघताना बाई घराला कुलूप लावून, ट्रंक घेऊन आल्या.

"मलेही स्टँडवर सोडा. सिरोंच्याची बस पकडतो."

"अचानक लेकीकडे?"

"ती वर्षभरापासून बोलवून राह्यली. पण तुमी शाळेत जाता, अन् ही दिवसभर एकटी. कशी जाऊ?"

मी बायकोकडे पाहिलं. तिला ते ठाऊक होतं. तिने बाईंचा हात घट्ट धरला होता, आणि स्टँड आलं तरी सोडला नाही.