दिवा लागू नये म्हणून

मी, नारायण हरी राऊत, बी. कॉम., श्री. केशवराव चुरी यांच्या बोईसर येथील अ‍ॅनोडायझिंग कारखान्याच्या कचेरीचा व्यवस्थापक आहे. केशवरावांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच नोंदवावे, हा या लेखाचा हेतू.

आमची ओळख झाली ती त्यांनी माझा दंड पकडला तेव्हा. नोकरीच्या पहिल्या सकाळी मी अ‍ॅसिडच्या टाकीकडे पाठ करून उभा होतो. "राऊत, वाघाकडे पाठ कराल का? मग हिच्याकडेही करू नका." मी हसलो, ते हसले नाहीत. टाकीशेजारचे स्वच्छ पाण्याचे पिंप ते रोज स्वतः तपासत. पुढे मनोरकडच्या बारकू या कामगाराच्या डोळ्यात थेंब उडाला, तेव्हा त्याचे डोके मांडीवर घेऊन ते कितीतरी वेळ त्याच पाण्याने डोळा धूत बसले होते. बारकूची दृष्टी शाबूत आहे.

आमचे काम थोडक्यात असे. यंत्रावर कातून आलेला अ‍ॅल्युमिनियमचा नग अ‍ॅसिडमध्ये टांगून वीज सोडली की त्याच्या अंगावर कठीण थर चढतो. थर बिघडला तर तो उतरवताना नगही झिजतो, माप जाते आणि नग बाद होतो.

किनाऱ्यावर वीजकेंद्राची उभारणी चालू असताना एका कंत्राटदाराने क्रेन थांबवण्याच्या बटणांचे भाग आमच्याकडे दिले. धातू सरकारी परवान्यावर, मुश्किलीने मिळालेला. नग टाकीत असतानाच वीज गेली. आम्ही ते घाईने काढले, धुतले, वीज येताच पुन्हा टांगले आणि काळा रंग दिला. दिसायला निर्दोष, आत थर अखंड होता की नाही, कोणालाच ठाऊक नव्हते.

"साहेब, रंग असा बसलाय का नवरदेव पन लाजंल," बारकू म्हणाला. "कुनाला काय कलनार हाय?"

"खाऱ्या हवेने आतला धातू खाल्ला आणि बटण अडकले, तर क्रेनखाली कोण असेल, बारकू?" केशवरावांनी विचारले.

बारकूने हातातला नग खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "माजा मेवना तितंच हाय. तुमी सांगूनच टाका."

मला भीती होती ती शेजारच्या सरावली गावात बिऱ्हाडे थाटलेल्या आमच्या कामगारांची. काम गेले, तर ती माणसे कोठे जाणार? मी तसे बोलून दाखवले. केशवराव म्हणाले, "मलाही तीच भीती आहे, राऊत. पण ती दुसऱ्या क्रमांकाची."

माल तपासायला कंत्राटदाराचे तपासनीस आले, तेव्हा चहा येण्याआधीच केशवरावांनी वीज गेल्याचे सांगितले. तपासनिसांनी सेल आणि लहान दिवा जोडलेल्या दोन तारा काढल्या. थर अखंड असेल तर त्यातून वीज जात नाही, दिवा लागत नाही. पहिल्या नगावर लागला नाही. दुसऱ्यावरही नाही. कामगार दारात दाटले होते. तिसऱ्या नगाच्या काठाला तार टेकली आणि दिवा लागला.

"सगळे बाद," तपासनीस म्हणाले. केशवरावांनी मान हलवली.

"नव्या धातूसाठी मला किती उंबरे झिजवावे लागतील, कल्पना आहे?" तपासनिसांनी विचारले.

"आहे."

"आणि पुन्हा वीज गेली तर?"

"तर पुन्हा सांगेन."

तपासनिसांनी तारा गुंडाळल्या. "मग धातू इथेच पाठवतो. दुसरीकडे पाठवला तर मला झोप लागणार नाही."

नव्या धातूची ती बटणे आज जागेवर आहेत. त्यांपैकी एखादे कधी घाईने दाबावे लागले का, हे आम्हाला कळलेले नाही. बारकूचा मेहुणा सुट्टीच्या दिवशी मनोरला सुखरूप पोचतो, एवढे कळते.

केशवरावांना निरामय, उदंड आयुष्य लाभो. साठीनंतर अ‍ॅसिडच्या वाफेपासून दूर राहावे, असे डॉक्टर त्यांना बजावतात. ते ऐकणार नाहीत, अशी मला भीती वाटते. आणि ऐकले, तर टाकीपाशी कोणाच्या भरवशावर उभे राहायचे, याची त्याहून अधिक.

नारायण हरी राऊत
पालघर,
विजयादशमी, १९६८