मगदूम आप्पांचा पाय

मगदूम आप्पांचा उजवा पाय कधी गप्प बसला नाही. चहा पिताना हलायचा, फोनवर बोलताना हलायचा. विमानांच्या हँगरातल्या बाकावर ते टेकले की शेजारचा माझा स्क्रूंचा ट्रे खडखडायला लागायचा. “आप्पा, भूकंप थांबवा की जरा,” मी ओरडायचे. “बसून काय हुतंय गं आक्का?” म्हणत ते उठायचे आणि पंखाखाली येरझाऱ्या सुरू. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला आक्का म्हणायचे. आप्पा आता नाहीत, पण ट्रे वाजला की अजून मी मान वर करते.

निपाणीकडच्या तंबाखूवाल्या जैन घरातले आप्पा आमच्या फ्लाइंग स्कूलचे सर्वांत जुने शिक्षक. विद्यार्थ्यांना मराठीत झापायचे, कानडीत समजवायचे आणि इंग्रजीत माफ करायचे. मग हृदयात स्टेंट बसला आणि उडायचं बंद झालं. पुन्हा उडता यावं म्हणून तब्येतीचे कागद दिल्लीच्या विमान खात्याकडे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, घरी निवांत राहा. निवांत, आणि आप्पा! रोज सकाळी कॅम्पातल्या घरातून स्कूटर काढून स्वारी हँगरात हजर.

तिथं मी विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करते. तेव्हा एका छोट्या विमानाचं इंजिन दुरुस्तीला गेलं होतं. नाक रिकामं, शेपटीखाली टेकू. तरी त्याचे रेडिओ आणि स्क्रीन अधूनमधून चालू करून बघावे लागत. बॅटरीवर ते करत बसलं तर बॅटरी उतरते. म्हणून भिंतीच्या विजेवर चालणारी पॉवरची पेटी ओढत आणायची, तिचे व्होल्ट बघायचे आणि जाड केबलची पिन विमानाच्या अंगात खोचायची. आत बसून बटणं दाबायला माणूस लागतो. आप्पा आयतेच सापडले.

त्यांची शिस्त कडक. पिन लावताना आणि काढताना आतलं सगळं बंद पाहिजे. आतल्याने अंगठा दाखवल्याशिवाय बाहेरच्याने केबलला हात लावायचा नाही, आणि आतली बटणं तर बाहेरच्याची नव्हेतच. आमचे सुपरवायझर एकदा घाईत पिन उपसायला गेले, तर आप्पांनी काचेवर थाप मारली. “माझा जीव जाईल तवा जाईल, रेडिओचा कशाला घेताय?”

स्क्रीन उजळल्या की म्हणायचे, “वीज आली, जीव आला बघ.” माझी तपासणी संपायची, पण आप्पा उतरायचे नाहीत. कानाला हेडफोन लावून वर उडणाऱ्या विद्यार्थ्यांचं आणि कंट्रोल टॉवरचं बोलणं ऐकत बसायचे. पाय पेडलवर. पेडल हललं की मागे शेपटीचा उभा पडदा, म्हणजे विमानाचं सुकाणू, हलतो, त्यामुळे आप्पा आत आहेत हे मला लांबूनच कळायचं.

“आप्पा, कुठवर पोचलाय?”

“हिडकल डॅम दिसाय लागलाय.”

“स्क्रीन तापल्या. उतरा की आता!”

“वळलो गं, वळलो.”

हसूही यायचं आणि जीवही तुटायचा. संध्याकाळी निघताना मलाच विचारायचे, “दिल्लीचं काय कळलं का गं?” जसं काही माझ्याच घरी येणार होतं.

शेवटी फोन आला. आप्पा पंखाखाली उभे होते. “व्हय सर. कळलं सर,” एवढंच बोलले आणि फोन खिशात टाकला. “न्हाय म्हणाले दिल्लीवाले. आता कधीच उडायचं न्हाय,” मला सांगितलं आणि विमानात चढून बसले.

मी सवयीने पेटी आणली, व्होल्ट बघितले आणि पिन हातात धरून अंगठ्याची वाट बघत राहिले. अंगठा येईना.

“वीज नको आज,” आतून आवाज आला.

मी शेपटीकडे बघितलं. पडदा हलत नव्हता. देवाशप्पथ सांगते, ज्या पायाला मी इतके दिवस शिव्या घातल्या, तो थांबलेला मला बघवेना.

“आप्पा, बसून काय हुतंय?”



मग मी करायचं नाही तेच केलं. आतली बटणं बंद आहेत एवढं बघून पिन खोचली, दारातून वाकले आणि त्यांच्या पुढ्यातून हात घालून बटणं दाबली.

“कोण म्हणालं तुला हात लाव?”

“कोण न्हाय. मीच लावला.”

स्क्रीन उजळल्या. मी रेडिओचा आवाज स्पीकरवर घेतला. वर एकट्याने उडणारा कुणी विद्यार्थी सगळं एका दमात बोलून गेला. टॉवरने पुन्हा विचारलं, तसा तो आणखीच गडबडला. आप्पांच्या कपाळावर आठी उमटली.

“अरं गाढवा, श्वास घे की! कुणी शिकवलंय ह्याला?”

“तुम्ही न्हाय शिकवलं, म्हणून तर ही तऱ्हा.”

आप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं. डोळे भरलेले होते. मग हेडफोन कानाला लावला.

“उतरला की पाठव हिकडं. रेडिओवर कसं बोलायचं तेवढं हितंच शिकवतो. आन् तू हो बाहेर, बटणं माझी हाईत.”

मी बाहेर आले. शेपटीचा पडदा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे हलत होता. मी तिथंच केबल धरून उभी राहिले आणि ढसाढसा रडले.